चौघांचं तिकीट

जपानमधल्या आमच्या छोट्या विमानतळावरून परदेशी जाणारं विमान एकच. आठवड्यातून तीनदा ते सोलला जातं, तीनदा परत येतं आणि उरलेल्या दिवशी तिथले लोक काचा पुसतात. तेव्हा आमच्या गावात स्वस्त तिकीट शोधण्यासारखं खरं तर काही नाही. तरी तोगाशी ते शोधतो, आणि सापडलं की आळीभर सांगत सुटतो.

हा तोगाशी शेतकऱ्यांच्या सहकारी संघातून निवृत्त झाला आणि आता आमच्या आळीच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. आपण जग पाहिलंय असं तो म्हणतो. इथून सोल, तिथून दुसऱ्या कंपनीच्या विमानाने मनिला, मनिलात रात्रभर बाकावर, मग पुढे. सिंगापूरला गेला तेव्हा परतीचं तिकीट गुरुवारी स्वस्त होतं म्हणून चार दिवस जास्त राहिला आणि घरून नेलेला वाळवलेला भात गरम पाण्यात भिजवून खाल्ला. "कसं आहे सिंगापूर?" मी विचारलं, तर म्हणाला, "विमानतळावर पाणी फुकट आहे." बायकोला, साचियोला, तो आवर्जून सोबत नेतो. सामानाचे पैसे पडू नयेत म्हणून दोघांचे जाड कोट तिच्या अंगावर चढवता येतात. कवडीचुंबक माणूस निदान स्वतः सोसतो. हा बायकोला सोसायला लावतो आणि वर त्याला हुशारी म्हणतो.

विमान रिकामं जाऊ नये म्हणून आमच्या प्रांताने एक योजना काढली होती. प्रांतातल्या चौघांनी एकत्र तिकीट काढून जायचं, तिकडच्या एखाद्या मंडळाला मैत्रीची भेट द्यायची आणि यजमानांसोबत, कापडी फलक हातात धरून, चौघांचा फोटो आणायचा. मग तिकिटाचे निम्मे पैसे परत. तिघंच असले तर एक येनही नाही. तोगाशीकडे दोघं होती. राहिलेल्या दोघांसाठी तो आमच्या दारात आला.

माझी धाकटी बहीण मित्सुए माझ्या शेजारीच राहते. तिची मुलगी कानाए सोलला दिली आहे. तिच्या बाळाचा पहिला वाढदिवस शनिवारी दुपारी बारा वाजता होता. तिकडे पहिल्या वाढदिवसाला बाळापुढे दोरा, पेन्सिल, नोटा असं काय काय मांडतात आणि बाळ कशाला हात घालतं त्यावरून त्याचं पुढचं सांगतात. कानाएच्या लग्नाला आम्ही पोचलोच नव्हतो. त्या दिवशी इथे इतका बर्फ पडला की विमान उडालंच नाही, आणि तिकडे मुलीकडच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. या वेळी काहीही होवो, बाळाने हात घालायच्या आत तिथे असायचं, असं मित्सुएने लेकीला कबूल केलं होतं. आम्ही दोघांनी तिकिटंही काढली होती.

"पूर्ण भाडं भरलंत?" तोगाशी उंबऱ्यावरच ओरडला. "अहो मित्सुए-सान, विमान कंपनी काय तुमचा जावई लागते?"

"काढली खरी तिकिटं," मित्सुए म्हणाली.

"रद्द करा. आजच्या आज केलं तर पैसे परत मिळतात. भेट रविवारी सकाळी, परतायच्या आधी. शनिवार सगळा तुमचा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता तुम्ही नाही म्हणालात तर आम्हा दोघांचंही बुडणार. पण ते जाऊ द्या. तुमच्या मनाला पटेल तसं करा."

आमच्याकडे माणसाला अडवायला दोर लागत नाही. तुझ्यामुळे दुसऱ्याचं नुकसान होतंय, एवढं म्हटलं की तो जागच्या जागी उभा राहतो. मित्सुएने आयुष्यभर बालवाडी चालवली. शेजाऱ्याच्या मुलाला अर्धं बिस्कीट कमी आलं तरी हिला झोप येत नसे. तिने तिकिटं रद्द केली.

शुक्रवारी संध्याकाळी सोलला उतरल्यावर, सामान हातात असताना, तोगाशी म्हणाला, "बरं का, भेट उद्या दहाला ठेवलीय."

"उद्या?" मी म्हणालो. "रविवार ठरला होता ना?"

"रविवारी त्यांचं मंडळ बंद असतं."

"हे तुला आत्ता कळलं?"

"दादा, असू द्या," मित्सुए म्हणाली. "दहाला फोटो काढू, साडेदहाला निघू. पोचू आपण."

सकाळी आम्ही त्या ज्येष्ठांच्या मंडळात गेलो. खालून तापवलेल्या जमिनीवर वीस-पंचवीस म्हातारी माणसं मांडी घालून बसली होती. त्यांच्या अध्यक्षांनी बोलायला सुरुवात केली, तोगाशीचा फोन भाषांतर करू लागला, आणि त्या भाषांतरावरून मला एवढंच समजलं की त्यांच्या गल्लीतला सिग्नल फार लवकर लाल होतो. अकरा वाजत आले. आतल्या खोलीतून तिळाच्या तेलाचा वास यायला लागला.

मित्सुए गुडघ्यांवर सरकत तोगाशीजवळ गेली. "फोटो आता काढू या का? मला निघायला हवं."

"फोटो शेवटी."

"शेवटी म्हणजे?"

"जेवणानंतर." तो हसला. "शनिवारी इथे सगळ्यांना फुकट जेवण असतं. म्हणून तर आजचा दिवस घेतला. आधी फोटो काढला तर मग जेवायला कोणत्या तोंडाने थांबायचं?"

फुकट ते पौष्टिक हे मलाही ठाऊक आहे. पण भाताच्या वाटीसाठी दुसऱ्याच्या नातवाचा दिवस गिळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी काही बोलणार तेवढ्यात मित्सुए उठली. अध्यक्षांसमोर तिने कमरेत वाकून क्षमा मागितली. मग सांभाळायला तिच्याकडे दिलेला गुंडाळलेला फलक तिने तोगाशीच्या मांडीवर ठेवला.

"मी जाते."

"अहो, बसा! तुम्ही गेलात तर सगळ्यांचं बुडेल."

"हो," मित्सुए म्हणाली. "बुडेल."

मीही उठलो. दाराशी बूट घालत होतो तर मागून साचियो आली. तिने वरचा कोट काढला, त्याखालचा काढला आणि दोन्ही नवऱ्याच्या बुटांवर नीट घडी करून ठेवले.

"मी आले तर चालेल का?" तिने मित्सुएला विचारलं. "लहान बाळ बघून फार वर्षं झाली."

"साचियो!" आतून आवाज आला. "कुठे निघालीस?"

"वाढदिवसाला. तिथेही जेवण फुकटच आहे हो."

आम्ही टॅक्सी थांबवली तेव्हा तो मोजे घातलेल्या पायांनीच बाहेर आला. "टॅक्सी कशाला? भुयारी रेल्वेने पाव भाड्यात—" पुढचं ऐकायला आम्ही थांबलो नाही.

सभागृहात शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि बाळ टेबलाजवळ बसवलेलं होतं. कार्यक्रम चालवणारा माणूस घड्याळाकडे बोट दाखवत होता. नंतरच्या कार्यक्रमाच्या मंडळींना सभागृह द्यायचं होतं. कानाएच्या सासूने बाळाच्या दोन्ही मुठी आपल्या हातात घट्ट धरून ठेवल्या होत्या आणि ती कोणाचंच ऐकत नव्हती. मित्सुएला पाहिल्यावर तिने मुठी सोडल्या.

बाळाने मित्सुएकडे नीट पाहिलं आणि भोकाड पसरलं. तशाच रडारडीत त्याने पेन्सिली उडवून दिल्या, दोऱ्याची लड ओढली आणि तोंडात घातली. दोरा म्हणजे लांब आयुष्य, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आई, आलीस," कानाए म्हणाली, आणि तीही रडायला लागली.

सूप वाढत होते तेव्हा मित्सुएचा फोन वाजला. तोगाशीचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता.

"मित्सुए-सान, मंडळींना मी थोपवून धरलंय. तुम्ही तिघं तीनपर्यंत आलात तर फोटो अजून जमेल. मी जेवलोसुद्धा नाही हो. यजमान म्हणतात, चौघं आल्यावरच वाढू."

"तोगाशी-सान," मित्सुए म्हणाली, "आमच्याकडे कार्य चाललंय."

"पण मी काय करू?"

"पाणी तर फुकट असेल ना तिथे?" साचियोने फोनकडे तोंड करून विचारलं.

मित्सुएने फोन बंद करून पालथा ठेवला आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले. ते पुन्हा रडलं. तिने घेतलंच.