हिरवेपणाची लाज

मी एक जुना ज्युनिपर आहे, मित्रांनो. मोठा वृक्ष नव्हे, कुंडीत मावणारा, बारा महिने हिरवा. गेले काही महिने कुणी माझे कौतुक केले की मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

रोपवाटिकेत मी पाण्याच्या टाकीआड वाढलो. उजेड एकाच बाजूने यायचा, म्हणून फांद्याही सगळ्या एकाच बाजूला. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मला घरी आणले, तेव्हा त्यांच्या बोन्साय मंडळात मला 'आडमुठा' हे नाव पडले. खरे सांगायचे तर मला ते आवडायचे.

मग एका रविवारी मंडळी माझ्याभोवती बसली. दातांचे डॉक्टर फांद्यांना तार गुंडाळत होते, बसचालक काका खोड धरून हळूहळू वाकवत होते. मावशी श्वास रोखून बघत होत्या. मी कुरकुरलो, पण मोडलो नाही. संध्याकाळपर्यंत मी चक्क देखणा दिसू लागलो. तिथेच थांबायला हवे होते. पण डॉक्टरांना हुरूप आला होता.

"कुंडीही आजच बदलून टाकू."

"अहो, एका झाडावर वर्षात एकच मोठं काम, असं तुम्हीच सांगता ना?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, झाड ठणठणीत आहे. काही होत नाही!"

नव्या उथळ कुंडीत मावावे म्हणून माझी निम्मी मुळे कापली गेली. उरलेली हळूहळू कुजली.

गुलाब असतो तर पाने टाकून बोंब मारली असती. आमच्या जातीचे तसे नाही. आतून संपलो तरी आम्ही कितीतरी दिवस हिरवेच दिसतो. मावशी रोज पाणी शिंपडत आणि म्हणत, "डॉक्टरांचंच बरोबर होतं. मी उगाच घाबरले." ते ऐकून कुठे तोंड लपवू असे मला होई.

परवा मावशींचा दुसरा, कोवळा ज्युनिपर टेबलावर आला.

"याचीही तार आणि कुंडी एकदमच उरकू," डॉक्टर म्हणाले. "पुरावा समोरच आहे. बघा कसा हिरवागार!"

सगळे माझ्याकडे वळले. मावशींनी मुळांची कात्री स्वतः उचलली. शरमेने माझी मान खाली गेली असती, पण ती तारेने वर बांधलेली होती.

बसचालक काका मात्र जवळ आले. "याला नवा कोंब एकही नाही हो," म्हणत त्यांनी माझी साल नखाने खरवडली. आत हिरवे काहीच नव्हते. सगळे तपकिरी.

"हे माझ्यामुळे झालं," डॉक्टर पुटपुटले. मावशींनी कात्री खाली ठेवली आणि कोवळ्या झाडाला त्याच्या जुन्या कुंडीसकट उचलून कडेवर घेतले.

मित्रांनो, मी आता थोड्या दिवसांचा सोबती. कुणी हिरवे दिसते म्हणून त्याची विचारपूस सोडू नका. परवा साल खरवडल्यानंतर मला कुणीही सुंदर म्हटले नाही, आणि कितीतरी दिवसांनी मला लाज वाटली नाही.