खाजाभाईंच्या नावाचं चिकन

"अगं पोरी, राहू दे! मी काय हजहून आलोय का?" म्हणत खाजाभाई मागे सरकले, पण तोवर हॉटेलच्या दारातल्या मुलीने त्यांच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या फुलांची माळ घालूनही टाकली होती. शेजारी त्यांची बायको रेहाना दुपट्ट्याआड हसत होती. माळेला आधी घालून गेलेल्या कुणाच्या तरी घामाचा वास येत होता. खाजाभाईंनी ती दोन बोटांनी मानेपासून लांब धरली आणि तशीच धरून खुर्चीवर बसले.

इंदिरानगरातलं हे 'टिकी टंगडी' म्हणजे त्यांच्या लेकीचं, अरफाचं नोकरीचं ठिकाण. इथे हवाई बेटांवरच्या पद्धतीचं तळलेलं चिकन मिळतं, असं ती कौतुकाने सांगायची. ही बेटं कुठे आहेत ते खाजाभाईंना ठाऊक नव्हतं. पण तिथली माणसं कोंबडीवर अननस ठेवून खातात हे ऐकल्यापासून त्यांचं त्या बेटांबद्दलचं मत वाईटच झालं होतं. तरी ते आले, कारण महिन्यापूर्वी अरफा काउंटरवरून मॅनेजर झाली होती आणि "एकदा तरी जेवायला या ना अब्बा" म्हणून रोज मागे लागली होती.

दुसरंही एक कारण होतं. हॉटेल सुरू झालं तेव्हा मालक कुंदनशेठने अरफाच्या शब्दावर सगळं चिकन खाजाभाईंच्या सातपूरच्या दुकानातून घ्यायचं ठरवलं होतं. वर भिंतीवर मोठा बोर्डही लावला होता. आज खाजाभाई तो पहिल्यांदा पाहत होते. हातात कोंबडी धरलेला त्यांचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरं: 'आमचं चिकन खाजाभाईंकडचं. रोज ताजं. हलाल.' तीस वर्षं दुकानात उभं राहून जे नाव कमावलं ते असं भिंतीवर झळकताना पाहून त्यांची छाती फुगली, हे कबूल केलं पाहिजे. फोटोत केस जरा जास्तच पांढरे दिसत होते, एवढीच काय ती तक्रार.

"अब्बा, स्पेशल प्लेट आणलीय. मी स्वतः सांगून करून घेतलीय," म्हणत अरफाने ताट समोर ठेवलं आणि पुन्हा काउंटरकडे धावली.

ताटात भाताच्या दोन मुदी होत्या. त्यांच्या शेजारी पांढऱ्या बुळबुळीत सॉसमध्ये बुडालेली मॅकरोनी, शेंबडासारखी तार सोडणारी. आणि मधोमध तपकिरी पाकाने चकाकणाऱ्या दोन तंगड्या, डोक्यावर अननसाची एकेक चकती घेतलेल्या. खाजाभाईंनी चकती बोटाने ढकलून दिली आणि सवयीने तंगडी नाकाशी नेली.

आधी साखरेचा वास आला, मग लसणाचा. त्यांच्या खाली आणखी एक वास दबा धरून बसला होता. आंबूस, ओल्या पोत्यासारखा. खाजाभाईंना वाटलं, आपल्यालाच भास होतोय. त्यांनी एक घास तोडला. वरचं कवच कुडकुडलं आणि आतलं मांस दाताखाली चोथ्यासारखं विस्कटलं. गोड पाक जिभेवरून उतरला तशी ती आंबूस घाण तोंडभर पसरली. लेकीचं हॉटेल म्हणून त्यांनी तो घास थुंकला नाही, पाण्याबरोबर खाली ढकलला आणि हाड उलटं करून पाहिलं.

खाजाभाईंच्या दुकानात तंगडीचं हाड कधी तुटत नसे. सुरीचं टोक सांध्यात घालून ते हाताला असा काही हिसका देत, की तंगडी अख्खी सुटून येई. हाडाचा कच राहिला तर लेकराच्या घशात जातो, म्हणून त्यांच्या वालिदांनी विंचूरच्या बाजारात बसून त्यांना हे काम शिकवलं होतं. ताटातलं हाड मात्र खडू कापावा तसं सपाट कापलेलं होतं. मशीनने. आणि आतून काळंनिळं पडलं होतं, चार-चारदा बर्फात घालून बाहेर काढलेल्या मांसाचं पडतं तसं.

त्यांनी मान वर करून पाहिलं. हॉटेल गच्च भरलं होतं. गेले दोन महिने अरफा त्यांच्याकडून दिवसाला फक्त पाच किलो माल नेत होती. "हल्ली गिऱ्हाईक कमी आहे अब्बा," असं सांगून. पाच किलोत एवढी माणसं जेवतात होय?

अरफा हसत हसत परत आली. "कसं वाटलं?"

"हे कुठलं हाय?"

"आपलंच की."

"अरफा, मला शिकवू नको. हे कुठलं हाय?"

अरफाचं हसू मावळलं. ती त्यांच्या शेजारी टेकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "खोके येतात बाहेरून. स्वस्त पडतात. त्यांच्यावरही हलालचा शिक्का असतो, अब्बा. मी स्वतः बघते."

"शिक्का काय चाटायचाय? माल सडलाय हा. आन् भिंतीवर माझा थोबडा कशापायी?"

"शेठ म्हणाले, तुमचे पाच किलो येतात ना, मग नाव खोटं नाही." तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "आताच मॅनेजर झालेय. इथे आवाज नका ना करू. मला वाटलं, सॉसमध्ये तुम्हाला कळणार नाही."

खाजाभाईंनी तंगडी ताटात ठेवली. या पोरीला दुकानाचा वास कधीच आवडला नाही. शाळेतून येताना ती मागच्या गल्लीने घरी जायची, दुकान लागू नये म्हणून. बाप तीस वर्षं नक्की काय करतो, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. नाहीतर कसाबापुढे असली तंगडी ठेवून 'कळणार नाही' असं तिला वाटलं असतं का?

"अरे, खाजाभाई! तुम्हीपण इथंच?"

पलीकडच्या टेबलावरून आफियाभाभी बोलत होत्या. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आणि वीस वर्षांचं खाजाभाईंचं गिऱ्हाईक. सोबत सहा-सात वर्षांची नात होती. तिचं तोंड पाकाने माखलेलं होतं.

"काचेतून तुमचा फोटो दिसला म्हणून आत शिरले हो. नाहीतर तुम्हाला ठाऊक आहे, मी बाहेरचं तोंडात घालत नाही. ही आणखी एक तंगडी मागतेय. देऊ ना? बाधणार नाही ना?"

अरफा काउंटरशी जाऊन उभी राहिली होती. तिचा हात बिलाच्या मशीनवर होता आणि डोळे बापावर. रेहानाने मान खाली घातली.

"द्या की," खाजाभाई म्हणाले. "आपलंच हाय."

आणि आफियाभाभींना शंका यायला नको म्हणून त्यांनी ताटातली तंगडी उचलून मोठा लचका तोडला. तो चावला. गिळला. वर हसलेसुद्धा.

परतताना सातपूरच्या रस्त्यावर त्यांनी रिक्षा थांबवली आणि गटारीशी वाकून सगळं ओकून टाकलं. पाक, अननस, आंबूस चोथा, सगळं. रेहाना पाठीवरून हात फिरवत राहिली. त्यांनी बाटलीभर पाण्याने चुळा भरल्या तरी तोंडातली घाण जाईना.

"तिथंच बोलायचं ना मग," रेहाना म्हणाली.

"पोरीची नोकरी हाय."

"आणि त्या लेकराचं पोट?"

ते पुन्हा रिक्षात जाऊन बसले. स्वतःचीच अशी शिसारी त्यांना आजवर कधी आली नव्हती. घरी आल्यावर अरफाला त्यांनी फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "माझा फोटो उतरव." ती म्हणाली, "विचारते शेठना." तिसऱ्या दिवशीही ती विचारतच होती, आणि त्या दिवशी खाजाभाईंनी तिचे पाच किलो द्यायचे बंद केले.

त्याच सकाळी आफियाभाभी दुकानासमोर रिक्षातून उतरल्या. चेहरा ओढलेला, डोळे तांबारलेले.

"नात दोन दिवस दवाखान्यात होती. जुलाब, उलट्या, सलाईन लावावं लागलं. काल सोडलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी हॉटेलातून निघाल्यावर गाडीवरचा बर्फाचा गोळा खाल्ला तिने. मी नको म्हणत होते. आता डॉक्टर म्हणाले, घरचं साधं सूप द्या. एक किलो द्या, चांगलं बघून."

झालं. गोळेवाल्याच्या माथी सगळं गेलं होतं. खाजाभाईंनी 'जी' म्हणून मान डोलावली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्यांनी हात फडक्याला पुसले. पुन्हा पुसले.

"भाभी, गोळ्यानं नाय झालं ते," ते म्हणाले. "ते चिकन माझं नव्हतं. खोक्यातलं होतं, सडलेलं. मला पहिल्या घासाला कळलं होतं."

आफियाभाभी म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही 'द्या' म्हणालात."

"हो. माझी पोरगी समोर उभी होती. तिच्या नोकरीपायी बोललो नाय. लय वाईट झालं माझ्या हातनं."

भाभी ओरडल्या नाहीत. चार शब्द सुनावले असते तर खाजाभाईंना बरं वाटलं असतं. वीस वर्षं या बाई रिक्षातूनच "एक किलो" असं सांगून पुढे भाजीला जात, आणि परतताना बांधून ठेवलेली पिशवी उघडूनही न पाहता घेऊन जात.

"करून ठेवतो," खाजाभाई म्हणाले. "तुम्ही भाजी घेऊन या."

"नको. मी थांबते इथंच," आफियाभाभी म्हणाल्या. "माझ्यासमोर कापा."

खाजाभाईंनी पिंजऱ्यातून एक कोंबडी काढली. तिचे डोळे, पिसं, पाय भाभींना नीट दिसतील अशी उजेडात धरली. मग लाकडी ओंडका दोन्ही हातांनी ओढून रस्त्याच्या बाजूला वळवला, म्हणजे भाभींकडे पाठ होणार नाही. सुरी धुतली. सुरी फिरवण्याआधीचं बिस्मिल्लाह ते आजवर ओठांतल्या ओठांत म्हणत आले होते, ती त्यांच्या आणि अल्लाच्या मधली गोष्ट होती. आज त्यांनी ते मोठ्याने म्हटलं, पलीकडच्या टपरीवरच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

आफियाभाभींनी ऐकल्याची मान हलवली, आणि पिशवी भरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.