चूक स्वतःची हवी

'झाळकाम' या सर्किटं जोडणाऱ्या हौशी मंडळींच्या फोरमवर सभासद व्हायचं तर नाव-गाव, शिक्षण कोणी विचारत नसे. अर्जात एकच प्रश्न होता: तुमच्या हातून जळालेली एक वस्तू सांगा, आणि का जळाली तेही सांगा. खाली तीन नियम. पहिला, खोटं नको. दुसरा, कंपनीला शिव्या नकोत. तिसरा, चूक स्वतःची हवी.

ही अट बाईंच्या डोक्यातून निघालेली. बाई एका मोठ्या इस्पितळात बिघडलेली यंत्रं दुरुस्त करत आणि उरलेल्या वेळात हा फोरम चालवत. त्यांचं म्हणणं असं की सर्किटांच्या नादी लागलेला माणूस पहिल्या दिवशी शहाणपणाचा आव आणतो आणि मग साधी गोष्ट विचारायला लाजतो. दारातच अब्रूची लक्तरं टांगून घेतली की पुढचं सोपं होतं. आणि खरंच तसं झालं. दातांच्या एका डॉक्टरांनी बायकोच्या शिलाई मशीनची मोटर फुंकून टाकल्याचं लिहिलं. एका प्राध्यापकांनी स्वतःच्या भिवया जाळल्याचं लिहिलं आणि त्या वस्तूत मोडतात का, असंही विचारलं. दहा वर्षांत तीन हजार माणसं अशी चुका सांगत आत आली.

बाईंनी मात्र हा अर्ज कधी भरला नाही. फोरम त्यांनीच काढलेला, त्यांना कोण विचारणार? सुरुवातीला कोणीतरी छेडलं होतं, तेव्हा त्यांनी गमतीने लिहिलं, "माझ्या हातून अजून काही जळलेलं नाही." लोकांनी ते खरं धरलं. बाईंचा हात म्हणजे देवाचा हात, असं नवे सभासद एकमेकांना सांगू लागले. बाईंचा नवरा हे वाचून खो-खो हसे.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," तो म्हणे. "जगाचे अ‍ॅम्प्लिफायर नीट करतेस आणि घरचा मिक्सर दोन महिने पडलाय."

बाई मिक्सरचं बघते म्हणत आणि विषय बदलत. फोरम कशासाठी काढला, हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. मेला नव्हता, हरवला नव्हता, फक्त नंबर बदलला होता आणि पत्रं परत येत होती. बाईंना वाटे, ज्याला लहानपणी हा नाद लागला तो आज ना उद्या कुठेतरी काहीतरी विचारायला येणारच. तो यावा म्हणून त्यांनी दार बांधलं होतं. बाकीचे तीन हजार आले ते आपले आले.

यंदा फोरम नव्या सर्व्हरवर न्यायचा होता. दहा वर्षांचा पसारा आवरायला दोघंच: बाई आणि काका. काका म्हणजे जहाजावर बत्तीस वर्षं वायरलेस सांभाळून निवृत्त झालेले गृहस्थ. नवे अर्ज तेच तपासत. त्यांच्यापुढे नियम म्हणजे नियम, ब्रह्मदेव आला तरी त्याला काय जाळलं ते सांगावंच लागलं असतं. त्यांनी रेडिओचे विभाग लावायला घेतले आणि नाकारलेल्या अर्जांचा ढीग बाईंच्या गळ्यात घातला. चारशेच्या वर अर्ज. बघायचे आणि पुसायचे.

बाई जेवणाच्या सुट्टीत, इस्पितळाच्या तळघरातल्या आपल्या खोलीत ते पुसत बसल्या. समोर टेबलावर उघडं पडलेलं एक रक्तदाबाचं यंत्र, बाजूला डबा. बहुतेक अर्ज जाहिरातवाल्यांचे. घास घ्यायचा, एक पुसायचा, असं चाललं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका अर्जाशी हात थांबला.

"मी काही जाळलेलं नाही. एका नाटकाच्या हॉलचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या नावावर जळालाय, पण पार्ट लावणारा हात दुसऱ्याचा होता. सतराव्या वर्षी माझं टेबल सुटलं. एवढं चालेल का?"

खाली काकांचा शेरा: "चालणार नाही. नियम तीन. चूक स्वतःची हवी."

बाईंनी डबा झाकला. अर्जासोबतचा ईमेलही आता उरला नव्हता. नाकारलेल्याची माहिती नव्वद दिवसांत आपोआप पुसली जाई, आणि ती सोय बाईंनीच मोठ्या हौसेने करून घेतली होती. दहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो दारात येऊन, दार वाजवून, नियम वाचून परत गेला होता. त्यांनी काकांना फोन लावला.

"तो अर्ज? आठवतो की," काका म्हणाले. "मला वाटलं, आहे कोणीतरी रडगाणं गाणारा. दुसऱ्यावर ढकलणारे फार येतात गं. का, काय झालं?"

"तो माझा भाऊ होता, काका."

काकांनी तो अर्ज पुन्हा उघडून वाचला. मग म्हणाले, "आणि तो दुसरा हात?"

"माझा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सत्तावीस वर्षांपूर्वी बाई बावीस वर्षांच्या होत्या. बाबांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आत एक लांब टेबल. वर्षभर हट्ट केल्यावर बाबांनी त्यांना त्या टेबलाला बसू दिलं होतं, तेही बजावून: पहिली चूक झाली की उठायचं. धाकटा तर तिथेच वाढलेला, बाबांचा लाडका. दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे नाटकाचा हॉल, त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर आला होता. बाईंनी तापल्या सोल्डरिंग आयर्नने झाळून त्यात नवा कपॅसिटर बसवला. गोल डबीसारखा असतो तो, अंगावर पांढरी पट्टी. आदल्या आठवड्यात त्यांनी टँटलमचे इवले कपॅसिटर बसवले होते, त्यांच्यावर पट्टी म्हणजे प्लस. या डबीवाल्यांवर पट्टी म्हणजे मायनस. हात जुन्या सवयीने गेला आणि डबी उलटी बसली.

हॉलचा मॅनेजर दुकानात बसलेला असतानाच, करंट सोडताक्षणी ती फुटली. फटाका वाजावा तसा आवाज झाला, खोलीभर कागदाचे कपटे उडाले आणि घाण वास सुटला. बाबा आत आले आणि विचारलं, "कोणी लावलं हे?" बाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरली. बाबांनी धाकट्याकडे पाहिलं आणि सांगितलं, उद्यापासून माझ्या टेबलाला हात लावायचा नाही. बाईंना वाटलं, लाडका आहे, आठवड्यात राग जाईल. बाबांचा राग शेवटपर्यंत गेला नाही. धाकट्याने एक शब्द काढला नाही. तो ताईच्या शेजारीच बसलेला होता, त्याला सगळं माहीत होतं. वर्षभराने तो दूर नोकरीला गेला, बाबा गेले तेव्हा दोन दिवस येऊन गेला, आणि मग तेही संपलं.

दुसऱ्या दिवशी त्याच तळघरात, त्याच सुट्टीत बाईंनी फोरमवर लिहायला घेतलं. सभासद नसलेल्यालाही वाचता येईल अशा जागी. तीन हजार माणसं आपल्याला काय म्हणतील, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. चांगलंच आलं. पण दुसरा कुठला पत्ता त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी लिहिलं:

"मी अर्ज भरला नव्हता, आज भरते. माझ्या हातून काही जळलं नाही हे खोटं होतं. सत्तेचाळीस मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मी उलटा लावला, पट्टीला प्लस समजून. त्या वेळी सोल्डरिंगचं आयर्न भावाच्या हातात होतं, म्हणून बाबांना वाटलं चूक त्याची. मी गप्प राहिले. त्याचं टेबल सुटलं, माझं राहिलं. त्याच टेबलावर मी शिकले आणि त्यावरच आजवर पोट भरते आहे. तो इथे आला होता. आम्ही त्याला आत घेतलं नाही. त्याने पुन्हा यावं."

उत्तरं धडाधड आली. निम्म्यांनी पट्टीबद्दलच लिहिलं. "बाई, परवाच मी हेच केलं!" असं दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं. एकाने लिहिलं की माझा तुमच्यावरचा विश्वास उडाला, आणि तो फोरम सोडून गेला. बाईंनी सगळं वाचलं, पण त्यांना त्यातलं काहीच नको होतं. रोज सकाळी त्या आधी नवे अर्ज उघडत. भावाचं अक्षर कसं होतं ते त्या आठवत बसत, आणि इथे तर सगळ्यांचं अक्षर सारखंच. बसमधे, यंत्राचं झाकण उघडताना, भाजी निवडताना त्यांना तो सतरा वर्षांचाच दिसे. आता तो चव्वेचाळीसचा असेल. केस पिकले असतील का, हेसुद्धा आपल्याला माहीत नाही, या विचाराने त्यांना रडू येई.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला.

"एक अर्ज आलाय," ते म्हणाले. आवाज दबका होता. "नियमात बसत नाही. पण मी हात लावलेला नाही हं, बाई. तूच बघ."

बाईंनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवला आणि अर्ज उघडला.

"माझी चूक नाही, तुमच्या पोस्टमधल्या दोन चुका कळवतोय. कपॅसिटर सत्तेचाळीसचा नव्हता, शंभरचा होता. आणि आयर्न माझ्या हातात नव्हतं. बाबांची पावलं ऐकून तू ते माझ्या हातात दिलंस."

बाई वाचत राहिल्या. आपण विसरलो होतो, असं म्हणायला त्यांना आवडलं असतं. पण ते वाचताक्षणी सगळं आलं: पडद्यापलीकडची चप्पल, गरम आयर्न, आणि "धर जरा" म्हणताना स्वतःचाच आवाज. सत्तावीस वर्षं त्यांनी गप्प राहिल्याचा गुन्हा तेवढा जपला होता, कारण तो दोहोंतला हलका होता. कबुलीजबाबातही त्यांनी काटा मारलाच होता.

"बाई, आहेस ना?" फोनवर काका विचारत होते. "त्याला घ्यायचं ना आत?"

"आधी मला दुरुस्ती करू दे, काका."

सत्तेचाळीसचे शंभर करायला क्षण लागला. दुसऱ्या वाक्यापाशी त्या अडल्या. वॉर्डातून दोनदा फोन आला, रक्तदाबाचं यंत्र हवं होतं, त्यांनी उद्या देते म्हणून सांगितलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. प्रत्येक वेळी वाक्यात कुठून तरी एक 'पण' शिरत होता. शेवटी त्यांनी लिहिलं, "आयर्न माझ्या हातात होतं. बाबांना येताना ऐकलं आणि मी ते त्याच्या हातात दिलं." मग त्यांनी अर्ज मंजूर केला.

पुढचा अर्धा तास त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात लांब अर्धा तास होता. नव्या सभासदाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला होता, म्हणजे तो होता. वाचत होता. कुठल्या गावात, कुठल्या खोलीत, कोणास ठाऊक. बाई त्या ठिपक्याकडे बघत बसल्या.

मग पोस्टखाली दोन ओळी आल्या.

"आता बरोबर आहे. त्यानंतर मी कधी काही जोडलं नाही. या वयात शिकायचं तर कुठून सुरुवात करू?"

बाईंनी लिहिलं, "घरी ये, मी शिकवते." मग ते वाचून पाहिलं. एवढा हक्क अजून आपला नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलं, आणि त्यांनी ते पुसून टाकलं. डोळे पुसले आणि पुन्हा लिहिलं, "आयर्न कुठलं आहे तुझ्याकडे?"