रात्रीची नळी

तपासणीच्या खोलीत शिरताच ठमीच्या आईला जांभई आली आणि त्या जांभईची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. ठमी आता चौदा वर्षांची घोडी झाली होती, पण मणक्यातल्या नसा जन्मापासून अधू. मूत्राशय भरलं तरी पोरीला कळत नसे, म्हणून दर चार तासांनी नळी घालून ते रिकामं करायचं, रात्रीसुद्धा. हे काम आईचं.

आणि गेले कित्येक आठवडे आई रात्री उठलीच नव्हती. गजर तिला ऐकूच येत नसे. डोळा उघडायचा तो थेट उजाडल्यावर. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मागच्या खेपेला मूत्राशयातला दाब इतका चढला होता, की डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर किडन्या जातील. आज तपासणीच्या यंत्राचा तो मेला पडदा तिची झोप चव्हाट्यावर मांडणार होता.

तपासणाऱ्या बाईंनी ठमीला टेबलावर घेतलं, बारीक नळ्या घातल्या, मूत्राशयात पाणी सोडलं.

"खोक गं जरा."

ठमी खोकली. पडद्यावरची रेघ टुणकन उडाली आणि खाली आली.

"नळ्या बरोबर बसल्यात," बाई म्हणाल्या.

पाणी हळूहळू आत जात राहिलं. आई पडद्याकडे बघेना. ती टेबलाखालच्या बादलीकडे बघत बसली. सकाळी हातआरसा सापडेना म्हणून पोरीवर उगाच डाफरली होती, तेही आता टोचायला लागलं.

"मागच्या वेळी एवढ्याच पाण्याला चढला होता ना दाब?" बाईंनी विचारलं.

आईने बादलीवरची नजर काढली नाही. "बाई, चूक माझी आहे. रात्री माझ्याच्याने उठवत नाही हो. गजर ऐकूच येत नाही."

"अहो, पण दाब चांगला उतरलाय. रात्रीची नळी चुकली असती तर इतका उतरला नसता."

आईने पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं.

"गजर वाजला तर ऐकू येईल ना," ठमी छताकडे बघत म्हणाली. "तू झोपलीस की मी तो बंद करते."

"आणि नळी?"

"मीच घालते. आरशात बघून. सांगितलं असतं तर तू उठून बघायला आली असतीस. आणि तू घोरतेस, आई. मला बरं वाटतं."

आता रडू फुटणार असं आईला वाटलं. पण आली ती जांभईच, चांगली मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. या वेळी तिने ती दाबली नाही.