चादरीचं दुसरं टोक

मी तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या लाँड्रीतली गिऱ्हाइकं माझ्याकडे कपडे टाकून पळायची आणि छोट्याशी गप्पा मारत उभी राहायची. छोट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. पस्तिशी उलटली, कपाळ मागे सरकायला लागलं, तरी आईने त्याचा छोट्याचा मोठ्या कधी होऊ दिला नाही.

कंपनी काढायचं खूळ त्याचं.

खुळाला कारण होतं. बाबा होते तेव्हा एका हॉटेलचे मखमली पडदे आमच्याकडे धुवायला आले आणि गरम पाण्यात आटून निम्मे झाले. हॉटेलवाल्याने भरपाई मागितली. लाँड्री बाबांच्या नावावर, घरही बाबांच्याच नावावर, त्यामुळे एकीचं पाप दुसऱ्याने फेडलं. घराचा पुढचा अर्धा भाग विकावा लागला. घेणाऱ्याने दिवाणखान्याच्या मधोमध भिंत घातली. तेव्हापासून आम्ही आमच्याच घरात मागच्या दाराने शिरतो, आणि भिंतीपलीकडे कुणी खुर्ची सरकवली की ती आपल्याच खोलीत सरकली असं वाटतं. बाबा त्या भिंतीकडे पाठ करून जेवायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. छोट्या तर पाणीसुद्धा फुंकायला लागला होता.

कंपनीचा पहिला धडा त्याने मला दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घालताना दिला. मोठी चादर एकट्याने घडी घालायची वस्तूच नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, कोपरे धरायचे, ताणून फट्कन झटकायची आणि एकमेकांकडे चालत यायचं. छोट्याची खोड अशी, की मी पाऊल उचललं रे उचललं की चादरीला हिसका द्यायचा. एक. मग जरा थांबून, मी सावरतेय तोवर, दुसरा. मी धडपडायची, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि तो म्हणायचा, "ताई, त्या सात पिढ्या तुझ्यापण आहेत."

"हे बघ," तो म्हणाला, "कंपनी म्हणजे कायद्याच्या लेखी एक वेगळं माणूस. लाँड्री तिची, मशिनं तिची, देणीही तिचीच. उद्या पुन्हा कुणाचे पडदे आटले तर दावा तिच्यावर. आपण तिच्यात जेवढे पैसे घातले तेवढे बुडणार, पण घराला कुणी हात लावणार नाही."

"आणि हे तुझं वेगळं माणूस खातं काय?"

"कागद," छोट्या म्हणाला, आणि हिसका दिला.

खरंच कागद खाल्ले तिने. कागदी घोडे नाचवायला एक गृहस्थ गाठले होते. त्यांना आम्ही कंपनीवाले काका म्हणायचो. आधी नाव ठरवायचं. स्वच्छ, शुभ्र, चकाचक, सगळी नावं दुसऱ्यांनी आधीच पळवलेली. शेवटी छोट्याने 'चौघडी प्रायव्हेट लिमिटेड' काढलं आणि ते मंजूर झालं. मग पत्ता हवा, जिथे सरकारचं पत्र पोचेल. घराचाच दिला. मग कंपनी काय धंदा करणार ते लिहायचं, कोण किती शेअर घेणार ते लिहायचं, आणि शेवटी डायरेक्टर. काका म्हणाले, दोन पुरतात. छोट्याने तीन लिहायला लावले, आई, मी आणि तो.

"आई आणि ताई, दोघींत भागतंच," तो म्हणाला. "मी कधी नसलो तरी कुणाचं अडायला नको."

हे वाक्य मी नंतर किती वेळा उकरून काढलं असेल, मलाच माहीत. ते सहज होतं, का त्याला काही ठाऊक होतं? त्या वेळी मी म्हणाले होते, "नसायला काय, कुठे दिवे लावायला जाणार आहेस?"

सह्या झाल्या, अर्ज गेला. त्याच आठवड्यात तो व्हॅनमधून कपडे पोचवायला गेला आणि परत आला नाही. व्हॅन नदीकाठी सापडली. किल्ली लावलेली, मागे धुतलेल्या चादरींचं शेवटचं गाठोडं जसंच्या तसं. पोलिसांनी नदी ढवळली, दवाखाने पालथे घातले. काही नाही. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, चिठ्ठी नव्हती. कुणी हात सोडावा आणि चादर जमिनीवर पडावी, तसं झालं.

आणि त्यानंतर कंपनीचा दाखला आला. एक माणूस घरातून गेलं आणि एक माणूस घरात आलं. सोबतच्या कागदांवर डायरेक्टरांची तीन नावं होती.

मी काकांना म्हटलं, त्याचं नाव काढा. काका खोकले. म्हणाले, "असं काढता येत नाही. ते डायरेक्टर आहेत. दर सभेची नोटीस त्यांना त्यांच्या पत्त्यावर गेलीच पाहिजे. नाहीतर सभा बेकायदा."

त्याचा पत्ता म्हणजे आमचंच घर. मग मी काय करायची? टेबलाशी बसून छोट्याच्या नावाचं पाकीट लिहायची, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायची, आणि पोस्टमन ते परत माझ्याच दारात आणायचा. तो आमचा नेहमीचा पोस्टमन. पाकीट आईच्या हातात द्यायचा आणि तिच्याकडे न बघता सायकल वळवायचा. आई ते न फोडता छोट्याच्या उशीखाली ठेवायची.

"आला की वाचेल," म्हणायची.

सभा व्हायच्या त्या घड्या घालायच्या टेबलावर. काका, आई, मी आणि एक रिकामी खुर्ची. आई चार कप मांडायची. मी नावं वाचायची, आई म्हणायची "हजर", मी म्हणायची "हजर", आणि तिसऱ्या नावानंतर सगळे गप्प व्हायचे. भिंतीपलीकडे काहीतरी वाजायचं, तेवढंच. मी 'गैरहजर' लिहायची. सभा संपली की आई चौथा कप उचलून तो गार चहा स्वतः प्यायची. मला संताप यायचा. त्याची खोली मला घड्यांसाठी हवी होती, व्हॅन विकून टाकायची होती. वर्षभर त्या घरात मोठ्याने हसायची चोरी झाली होती. आणि खरं सांगू? संताप त्याचाच यायचा. मरायचं तर निदान सांगून मर, असं मनात यायचं.

वर्षातल्या शेवटच्या सभेच्या आदल्या दिवशी काका म्हणाले, "आता काही करायला नको. वर्षभरात एकाही सभेला न आलेल्याचं पद आपोआप जातं. या वेळीही गैरहजर लिहिलं की संपलं. मग तुम्ही दोघीच."

आईने ते दाराआडून ऐकलं. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पदर बोटाला गुंडाळत होती.

"एक शब्द तर लिहायचाय. हजर लिही ना."

"आई, खोटं कसं लिहू?"

"कोण बघायला येतंय? अगं, सगळीकडून गेलं त्याचं नाव. फोन बंद झाला, बँकेने पत्र पाठवलं. त्या कागदावर तेवढं तो अजून आहे. तिथूनही घालवू नकोस."

"आई, तो मेलाय!" मी ओरडले. "मेलाय तो! तुला कळत कसं नाही?"

वर्षभर हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. भिंतीपलीकडचा आवाजसुद्धा थांबला. आईने बोटाचा पदर सोडला. आत जाऊन झोपली. मला माझी जीभ हासडून टाकावीशी वाटली.

सभेच्या दिवशी सकाळी मला जाग आली ती फट् आवाजाने. चादर झटकल्याचा आवाज. घरात आम्ही दोघी, आणि मी तर अंथरुणात.

मी आमच्या वाट्याच्या अर्ध्या दिवाणखान्याच्या दाराशी गेले. वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा लोंबत होत्या. आई माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिच्या हातात चादरीचे दोन कोपरे. ती चादर ताणलेली, सरळ, लोंबणाऱ्या रांगांमधून पलीकडे गेलेली. पलीकडचं टोक दिसत नव्हतं, पण ते कुणीतरी धरलेलं होतं. पुरुषाच्या हाताच्या उंचीवर.

"हां, ये आता," आई हळूच म्हणाली. "घाई नको."

आणि ती एक पाऊल पुढे गेली.

मी धावत जाऊन चादरींची रांग बाजूला सारली. पलीकडे ती मधली भिंत होती. भिंतीत दोन खुंट्या. चादरीचे कोपरे त्या खुंट्यांना गाठ मारून बांधले होते.

आई दचकलीसुद्धा नाही. "वर्षभर अशाच घालते मी. तू झोपलेली असतेस."

"मला का नाही उठवलंस?" माझा आवाज चिरकला.

"तू भराभर उरकतेस गं. तो घडी घालताना बोलायचा." तिने कोपरे माझ्या हातात दिले. तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत, तरी घड्या कशा सुरेख घातल्या होत्या. "आजची ही शेवटची. काल म्हणालीस ते कुणीतरी म्हणायला हवंच होतं. मला धीर होत नव्हता. रात्रभर बोलले त्याच्याशी, जा म्हटलं. आता तू लिही काय लिहायचं ते. मी नाही अडवणार."

एवढं म्हणून ती आत गेली. बाथरूममध्ये नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी एकटी त्या चादरीचं टोक धरून उभी राहिले. रांग पुन्हा खाली पडली होती, खुंट्या दिसत नव्हत्या. म्हटलं, उरकून टाकू. मी पाऊल उचललं.

चादरीला हिसका बसला.

मी जागच्या जागी धडपडले. वाटलं, गाठ सुटली. सावरतेय तोवर दुसरा बसला.

"अरे मेल्या!" माझ्या तोंडून गेलं. सवयीने.

मग मला कळलं मी कुणाला म्हणाले ते. मी रांग सारून पाहिलं. दोन्ही गाठी घट्ट होत्या, आईने मारल्या तशाच. भिंत जागेवर होती. खुंटी चादर धरून ठेवते, हिसका देत नाही. मी तिथेच जमिनीवर बसले आणि वर्षात पहिल्यांदा रडले. चादर तोंडात कोंबून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

काका वेळेवर आले. टेबलावर आईने तीन कप मांडले होते. चौथी खुर्ची तिने स्वतः भिंतीला लावून ठेवली होती. तिने केस नीट विंचरले होते. चेहरा धुतलेल्या कापडासारखा झाला होता.

मी नावं वाचली. आई म्हणाली, "हजर." मी म्हणाले, "हजर." मग मी छोट्याचं नाव वाचलं, कागदावरचं, पूर्ण.

"लिही," आई म्हणाली. "गैरहजर."

काकांनी मान डोलावली. मी पेन टेकवलं. पेन पुढे जाईना.

"हजर," मी म्हणाले.

काकांना ठसका लागला. "अहो बाई, असं गमतीत नाही बोलायचं. सभेचा कागद आहे हा."

"गंमत नाही. हजर लिहितेय."

"खोट्या नोंदीला कंपनी आड येत नाही," काका खुर्चीतून पुढे झुकले. "दंड होवो, खटला होवो, तो तुमच्यावर, तुमच्या स्वतःवर. तिथे लिमिटेड-बिमिटेड काही चालत नाही. ज्याच्यासाठी ही एवढी उठाठेव केलीत, तेच घालवताय. आणि मी यावर सही करणार नाही."

"नका करू. माझी करते. जे यायचं ते माझ्यावर येऊ दे."

काकांनी पिशवी उचलली आणि चहा न घेता निघून गेले. आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. काल संध्याकाळी तिच्याकडे बघताना माझ्या डोळ्यांत असेल तशी.

"अगं, मी सोडलं त्याला," ती म्हणाली. "एवढ्या कष्टाने सोडलं. आता तू कशाला धरतेस?"

"त्याने हिसका दिला, आई. दोनदा."

आईने वळून पाहिलं. तिच्या मागे ती भिंत होती, आणि भिंतीला टेकलेली खुर्ची. मी 'हजर' लिहिलं, खाली सही केली आणि टोपण लावलं.

मग आई उठली. खुर्ची भिंतीपासून ओढून तिने पुन्हा टेबलाला लावली, आणि कपाटातून चौथा कप काढला.