जबड्यात गोधडी आली त्याची गोष्ट

मी वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडजवळचा एक जुना लोखंडी स्टँड आहे. मित्रांनो, दुरुस्तीला आलेली सायकल अधांतरी धरून ठेवणं हे माझं काम. बोअरवेलचा जुना पाइप आणि जाड पट्ट्यांचा जबडा जोडून वेल्डरने मला एका दुपारीत उभं केलं. दिसायला मी ओबडधोबड, पण पकड अशी की दूधवाल्याची दांडगी सायकलही चूं करत नसे. "आवळलं नाही त धरलं कायले म्हनाचं?" असं माझे मालक इंद्रभान मिस्त्री म्हणत. लोक वाहवा करत आणि मी फुगून जाई.

पुढे गावात मोटरसायकली वाढल्या आणि माझ्या जबड्याला मिस्त्रींची पिशवी लटकू लागली. फार वाईट वाटायचं.

मग एका शुक्रवारी गावातली सायकलपटू सपना आली. रविवारी वाशिमला तिची निवड चाचणी होती आणि क्रीडा मंडळाने दिलेल्या हलक्या कार्बन फायबरच्या सायकलचे गिअर अडकत होते. ती पाणी प्यायला वळली, तेवढ्यात मिस्त्रींनी सवयीने सायकलचा आडवा दांडा माझ्या जबड्यात दिला आणि जबडा आवळायची मूठ पिळली. 'कट्' असं बारीक वाजलं. मला स्वतःच्या ताकदीची भीती वाटली ती तेव्हाच.

सपनाचा चेहरा उतरला. हा दांडा पातळ नि पोकळ. रस्त्याचे धक्के सोसतो, पण बाजूंनी चिमटलेलं सोसत नाही, असं ती कसंबसं म्हणाली. तडा गेला असेल तर चाचणीही गेली. मिस्त्रींनी घाईघाईने मूठ सैल केली. डबा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी दुर्गाबाई पुढे झाल्या.

"मडकं घेतानी आपन टिचकी मारून पाह्यतो ना? मंग याले काहून नाही?"

त्यांनी इंचाइंचावर टिचकी मारली. तडा असता तर बद्द वाजलं असतं. सगळीकडे सारखंच टणटणीत वाजलं. सपनाने दांडा पुसून उन्हात निरखला. रेघही नव्हती. मोडली होती ती केबलची प्लॅस्टिकची क्लिप.

दुर्गाबाईंनी गोधडीचा तुकडा माझ्या जबड्यात बसवला. सपनाने सीटखालची अ‍ॅल्युमिनियमची दांडी दाखवली, मी ती अलगद धरली आणि मिस्त्रींनी गिअर मोकळे केले. आनंदाने नाचावंसं वाटलं, पण माझे पाय सिमेंटमध्ये.

सोमवारी सपना निवड झाल्याचं सांगत आली. चाकं चिखलाने माखली होती. धुवायला म्हणून मिस्त्रींनी सायकल उचलली, माझ्याजवळ आणली आणि ते थांबले.

"सांग वं सपना, कुठं धरू?"

चाळीस वर्षं सायकली आवळणारा माणूस विचारत होता. मित्रांनो, तुम्हीही दुसऱ्याची वस्तू हातात घेण्याआधी एवढं विचारा. घट्ट धरणं मला जन्मापासून येत होतं. जपून धरायला मी म्हातारपणी शिकलो, आणि सध्या मी फार खुशीत आहे.