लाल बटणाची उंची

पुरण वाटायच्या यंत्रात नेहाची दोन बोटं चिरडली, त्याला आठ दिवस झाले. नेहा माझी सून. आठ दिवस पोळ्यांच्या ऑर्डरी मी या दुखऱ्या कमरेनं ओढतेय, आणि घरात एकच पालुपद, "ध्यान नव्हतं तिचं." सगळ्यांत आधी मीच म्हटलं. आज ती बॅग भरून धारला माहेरी निघाली.

"परत कधी येशील?" मी विचारलं.

"बेध्यान बाईचं इथं काय काम, आईसाहेब?"

वीरेंद्र, माझा मुलगा, इथं देवासलाच कारखान्यात फोरमन. यंत्र त्यानंच बनवलं. तो म्हणाला, "बंद करायचं लाल बटण दिलंय ना मी? दाबायला काय झालं होतं?"

"पाटावर बैस," मी म्हटलं. आमच्यात नैवेद्याचं पुरण उभ्यानं वाटत नाहीत.

"आत्ता?"

"नाही, दिवाळीला. बैस!"

बसला. सहा फुटी देह, गुडघे कानाशी. यंत्र बंदच होतं. त्याचा उजवा हात मी डाळ घालायच्या तोंडाशी धरला. "बोटं अडकली समज. हात काढायचा नाही. दाब तुझं बटण."

बटण यंत्राच्या डोक्यावर. त्यानं डावा हात ताणला, वीतभर कमी पडला. पुन्हा ताणला, तोंड लाल झालं. त्याची ही गत, आणि नेहा तर माझ्या खांद्याएवढी.

"मी उभ्यानं तपासलं होतं," तो पुटपुटला. "आणि चिऊचा हात पोचू नये म्हणून वर लावायला तुम्हीच सांगितलंत."

खरं होतं. नात तेव्हा खुर्चीवर चढायला लागली होती. मी एकदा बघितलं नि फर्मान सोडलं. जिला यंत्र चालवायचं, तिला ना मी विचारलं, ना त्यानं.

नेहा दारातच उभी होती. दहा वर्षांत तिच्यापुढे 'चुकलं' म्हणून मी कधी म्हटलं नव्हतं. 

"ध्यान तुझं नाही गं, आमचं नव्हतं."

वीरेंद्र उठला. ती आत येऊन पाटावर बसली, डाव्या हाताचं बोट यंत्राच्या अंगावर टेकवलं.

"इथं. खूण करा," ती वीरेंद्रला म्हणाली. "बस चारची आहे. आठवड्यानं येईन, तेव्हा बटण इथं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर तुम्हीच बसा वाटायला."

वीरेंद्र पेन्सिल शोधायला लागला. मी कंबर धरून उठले. संध्याकाळच्या पोळ्यांचं पुरण अजून पाट्यावरच वाटायचं होतं.